पोळ्याच्या दिवशीचा लाल दिवा

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि, राग मानू नका, पण बऱ्याच वेळा हसतोयही. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात... असो, ज्याचं त्याला. माझा धंदा गाड्यांच्या वायरिंगचा. सगळी उमर शहाद्यात त्यातच गेली. करंट भुताला घाबरत नाही आणि देवाला नमस्कारही करत नाही. त्याला रस्ता मिळाला तर तो वाहतो, नाही मिळाला तर गप्प बसतो. दिवा लागलाय म्हणजे कुठून तरी रस्ता मिळालाय, संपलं! शोधणाऱ्याला तो सापडतोच. नाही सापडला तर शोधणारा आळशी, असं मी माझ्याकडे शिकायला आलेल्यांना कायम सुनावत आलो.

मग आजोबा, तुम्ही इथे कशाला लिहिताय, असं कुणी विचारेल. विचारा. कारण एक दिवा मलाही सापडला नाही. पंच्याहत्तरी ओलांडली, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, एका बोटानं टाइप करतोय. चुका सांभाळून घ्या.

साल बासष्ट-त्रेसष्ट असेल. नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हता, आम्ही धुळे जिल्ह्यातले. गाव कळसाडी, तालुका शहादा. मी शहाद्यात एका गॅरेजमध्ये नवा नवा मेकॅनिक होतो आणि पोळ्यासाठी गावी आलो होतो. माझी धाकटी बहीण सुमन पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. तिचं सासर सारंगखेड्याचं. वडील आम्ही लहान असतानाच गेले, त्यामुळे घरात माय, मी आणि सुमी. बस्स. ('आई' हा शब्द शाळेतला, घरी मायच. आमच्याकडे घरात-दारात अहिराणीच, म्हणून जे जसं बोललं गेलं तसंच लिहितोय. तिच्यात 'ळ'चा 'य' होतो, पोळ्याचा पोया, एवढं ध्यानात ठेवा.)

आता पोळा म्हणजे काय ते शहरातल्या मंडळींना थोडं सांगतो. श्रावणातली अमावस्या. त्या दिवशी बैलाला नदी-नाल्यावर आंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल, पुरणपोळीचा घास. आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. काहीही होवो. कुणी ठेवलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही.

आमच्या गावात एक गुजर शेतकरी होते, आत्माराम आबा. केळी, कापूस, ऊस, बऱ्यापैकी जमीन. त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप होती. तिचं पेट्रोलचं इंजिन काढून कुणीतरी डिझेलचं इंजिन बसवलेलं. आबांची समजूत अशी की ही जीपसुद्धा आपल्या गोठ्यातलीच. त्यामुळे पोळ्याला तिलाही आंघोळ! सालदार गड्यानं सकाळीच नाल्यावर नेऊन तिला घासूनपुसून काढली होती. हेडलाइटभोवती गेरूचे गोल, बॉनेटवर झूल, पुढे घुंगरांची माळ. आणि पोळ्याला जीपलाही सुट्टी. मी आदल्या दिवशी आबांची चेष्टाही केली होती — "आबा, हिले पुरणपोयी कोठून खावाडशात? डिझेलनी टाकीमातून?" आबा म्हणाले, "तू हस लेका. तुले नही समजाव ते."

दुपारी सुमीला मुलगी झाली. मुलगी धडधाकट, खणखणीत रडली. माय ओट्यावर येऊन मला म्हणाली, "लक्ष्मी उनी रे भास्कर." मी साखर आणायला निघालो आणि मागून सुईणीची हाक आली.

बाळामागून पडायची वार पडली नव्हती. ती आतच अडकून राहिली होती आणि रक्त थांबत नव्हतं. सुईण म्हातारी, गावातली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाली, "मन्हा हातनं काम नही हाई. शहादाले ली जा. पाय उच्चा ठेवा, आनि पोट चोयत ऱ्हावा. हात थांबाडू नका. हात थांबना का रगत वाढस." बाळाला तिनं आपल्यापाशी ठेवून घेतलं.

मी आबांकडे धावलो. आबा जीपच्या टायरला हळदकुंकू वाहत होते. पोळ्याचा दिवस, तरी कसंबसं सांगितलं. आबांनी ताट तिथंच ठेवलं आणि कमरेची चावी काढून माझ्या हातात कोंबली. "ले. इचारत काय बसना तू? माणूस पहिले."

आता नीट वाचा, कारण सगळं यातच आहे.

त्या जीपला तेलाच्या दाबाचा काटा नव्हता, एक लाल दिवा होता. मीच बसवलेला. पत्र्याचा डॅशबोर्ड गंजून गेला होता म्हणून आबांनी सुताराकडून सागाची फळी बसवून घेतली होती आणि त्या फळीत भोक पाडून मी दिवा लावला होता. काम साधं. चावी फिरवली की दिव्याला बॅटरी मिळते. दिव्यापासून एक वायर इंजिनवरच्या स्विचला जाते. इंजिन बंद, तेलाला दाब नाही, तर स्विच ती वायर इंजिनच्या लोखंडाला जोडतो आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, तेलाला दाब आला, की स्विच सुटतो आणि दिवा जातो. म्हणजे लाल दिवा लागला तर धोका, गेला तर सगळं ठीक. गाडी चालू असताना दिवा लागला आणि तो खरं बोलत असेल, तर इंजिन थोड्याच वेळात कोरडं पडून जाम होणार.

मी चावी फिरवली. दिवा लागला, बरोबर. सेल्फ मारला, इंजिन सुरू झालं. दिवा गेला नाही.

ॲक्सिलरेटर दाबला. नाही. पुन्हा दाबला. नाही!

घरात बहिणीचं रक्त चाललंय आणि माझ्यासमोर तो लाल ठिपका. अर्ध्या वाटेत इंजिन जाम झालं तर भर पावसाळ्यात, काळ्या मातीत, पोळ्याच्या दिवशी दुसरं वाहन मिळणार नव्हतं. तिथंच सगळं संपलं असतं. आणि दिवा खोटा आहे की खरा हे बघत बसावं, तर जाणारा प्रत्येक क्षण तिचाच होता.

बॉनेट उघडलं. झूल फेकून दिली. तेलाची पट्टी काढून पाहिली, तेल खुणेपर्यंत, स्वच्छ. वाटलं, सकाळी धुतली तेव्हा स्विचमध्ये पाणी गेलं असेल. धोतराच्या सोग्यानं पुसलं. दिवा तसाच. मग स्विचवरची वायरच उपटली. वायर काढली की दिवा जायलाच पाहिजे. तो गेला नाही. चला, म्हटलं, वायर वाटेत कुठेतरी सोलली असेल आणि बॉडीला टेकत असेल. दिवा खोटा! तरी खात्री हवी. पाना लावून स्विच थोडा ढिला केला. कडेनं गरम तेल जोरात उडालं, बोटं भाजली. इतका आनंद मला भाजल्याचा आयुष्यात झाला नाही. तेल उडतंय म्हणजे दाब आहे. इंजिन शाबूत आहे. स्विच आवळला, वायर बाजूला लोंबकळत ठेवली, बॉनेट आपटलं.

सुमीला मागे गादीवर निजवलं. पाय पुढे, माझ्या शेजारच्या सीटवर गोधड्या रचून त्यावर उंच केले. डोकं मागच्या बाजूला, माय तिच्या कमरेपाशी गुडघे टेकून बसली. म्हणजे दोघींची तोंडं पुढे, फळीकडे. मी पाठमोरा. हे लक्षात ठेवा.

निघालो. रस्ता कसला, बैलगाडीच्या चाकोऱ्या. दोन्ही बाजूंनी कापूस. पाऊस सकाळी होऊन गेलेला, आभाळ गच्च. पुढे बांधलेले घुंगरू खळाळत होते, इंजिनचा आवाज असा की माझं मला ऐकू येत नव्हतं. ती माळ तोडून टाकायला सुचलं नाही, आणि पुढे थांबायची हिंमत झाली नाही.

आणि तो दिवा. खोटा आहे हे माहीत असूनही नजर तिथंच जात होती. मग माझ्या लक्षात आलं की तो एकसारखा नाहीये. कधी मंद होतो, नुसता तांबूस. कधी हळूहळू भडक होत जातो. मनात म्हटलं, सोललेली वायर हादऱ्यानं कमी-जास्त टेकत असेल. पण हादऱ्यानं दिवा फडफडतो, झटके देतो. हा तसा नव्हता. हा सावकाश चढायचा, सावकाश उतरायचा.

एकदा तो चांगलाच भडकला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. सुमीचे डोळे अर्धवट मिटले होते. आणि माय... माय दोन्ही हात जोडून त्या दिव्याकडे बघत होती. पोट चोळायचं सोडून! तिच्यासाठी तो लाल दिवा म्हणजे देवीच. शुभकार्यात दिवा मोठा होणं चांगलं, एवढंच तिला ठाऊक.

"माय! हात कसाले जोडस? चोय ना! पोट चोय!"

मी मायवर असा कधी ओरडलो नव्हतो. ती दचकली आणि दोन्ही हातांनी चोळायला लागली. मी पुढे पाहिलं. दिवा उतरत उतरत मंद झाला.

योगायोग. मी स्वतःशी मोठ्यानं म्हटलंही — योगायोग आहे, भास्कर, रस्ता बघ.

थोडं पुढे गेलो आणि दिवा पुन्हा चढायला लागला. मी न वळता ओरडलो, "माय, चोय!" तो उतरला. पुन्हा चढला, पुन्हा ओरडलो, पुन्हा उतरला. माझ्या पाठीला घाम सुटला. तो नुसता भीतीचा घाम नव्हता, काहीतरी चुकीचं घडतंय त्याचा होता. डावा हात फळीच्या मागे घातला, स्विचकडून दिव्याला येणारी तीच वायर चाचपली आणि सरळ ओढून काढली. ती माझ्या हातात आली. तिचं टोक मी डोळ्यांनी पाहिलं.

दिवा तसाच.

म्हणजे काय, हे ज्यांना कळतं त्यांना कळेल. वायरचं स्विचकडचं टोक सुटलेलं, दिव्याकडचं टोक माझ्या हातात, दिवा लाकडी फळीत. करंटला परत जायला रस्ताच नाही. मी चावीही बंद करून टाकली. डिझेलला काय, एकदा सुरू झालं की विजेची गरज नसते, ते बंद करायला वेगळी दांडी ओढावी लागते. इंजिन चालूच राहिलं. चावी बंद म्हणजे दिव्याला बॅटरीही नाही.

दिवा लाल. आणि पुन्हा चढायला लागला.

"माय, चोय! हात थांबाडू नको!"

"चोयी ऱ्हायनू ना रे! मन्हा हात भरी उनात!" माय रडत होती. "पन तू घाबरू नको भास्कर. दिवा देख कसा पेटेल शे. देवी जागी शे आपली."

तिला काय सांगू? तिचा दिवा पेटला की देवी जागी. माझा दिवा पेटला की कुठेतरी दाब जातोय. तेलाचा तर नक्की नव्हता, तो मी माझ्या बोटांवर पाहिला होता. मग कुणाचा? तो विचार मी मनात पुरा होऊच दिला नाही. पुरा झाला असता तर मला स्टिअरिंग धरता आलं नसतं.

मग नाला आला. पाणी गुडघाभर, पण पलीकडचा चढ म्हणजे नुसता चिखल. मी चारही चाकांचा गिअर टाकला, पाण्यातून निघालो, आणि चढावर मागची चाकं बसली. जितकी फिरवली तितकी आत. इंजिन बंद करायची हिंमत नव्हती, ते पुन्हा सुरू झालं नाही तर? खाली उडी मारली. नाल्यावर चार-पाच जण आपापले बैल सजवून गावाकडे नेत होते. शिंगं रंगवलेली, झुली घातलेल्या. मी चिखलातून धावत त्यांच्या पाया पडलो. खरंच पडलो.

"भाऊ, मन्ही बहीण मरी ऱ्हायनी. गाडी वढी द्या."

ते एकमेकांकडे बघायला लागले. माणसं वाईट नव्हती हो, त्यांचंही जिवावर आलं होतं. एक जण म्हणाला, "आज पोया शे भाऊ. आज बैलना खांदावर जू ठेवतस नही." दुसरा म्हणाला, "आपन मानसंच लोटूत." सगळ्यांनी लोटून पाहिलं. जीप हलली नाही. मी आत वाकून पाहिलं, तर दिवा इतका भडक झाला होता की फळीचं लाकूड तांबडं दिसत होतं. मी तिथूनच ओरडलो, "माय, चोय!" आणि त्या माणसांसमोर हात जोडून मोठमोठ्यानं रडायला लागलो. मला लाज वाटली नाही. अजूनही वाटत नाही.

त्यांच्यातले सर्वांत वयस्कर बाबा जीपच्या मागे आले. ताडपत्री बाजूला करून त्यांनी सुमीचं तोंड पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मागे गेले आणि आपल्या बैलजोडीच्या झुली काढायला लागले.

"बाबा, काय करी ऱ्हायनात? पाप लागी!" त्यांचाच कुणी म्हणाला.

"लागू दे. मन्हा डोकावर लागू दे. बठेल काय शे, त्या मयामातून जू आन."

मळ्यातून जू येईपर्यंतचा तो वेळ... तो मी सांगू शकत नाही. माय चोळत होती, मी खिडकीत डोकं घालून दिवा बघत होतो. तो चढला की ओरडायचो. बाबांनी जू ठेवायच्या आधी दोन्ही बैलांच्या खुरांवर डोकं टेकवलं. मग दोर बांधला, मी स्टिअरिंगवर बसलो, आणि रंगवलेल्या शिंगांच्या त्या जोडीनं जीप वर काढली. मी त्यांना धड हातही जोडले नाहीत. तसाच निघालो.

पुढे रस्ता बरा होता. शहादा दिसायला लागलं. दिवा आता भडकच होता, ओरडूनही फारसा उतरत नव्हता. माझा घसा बसला होता. गावाच्या तोंडाशी पोचलो आणि दिवा उतरायला लागला. मंद... आणखी मंद... तांबूस. आणि गेला.

मागून माय किंचाळली. "भास्कर! दिवा गया रे! दिवा गया!"

दिवा गेला, हे ऐकून मला पहिल्यांदा हायसं वाटलं, धंद्याची सवय. दिवा गेला म्हणजे ठीक. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, कशाचं ठीक? वायर काढलेल्या, चावी बंद असलेल्या दिव्याचं कसलं ठीक? दाब परत आला म्हणून गेला, की आता दाखवायला काही उरलंच नाही म्हणून? "सुमी!" मी हाक मारली. उत्तर नाही. "सुमी गं!" नाही. मी मागे वळून पाहिलं नाही. मला बघवलं नसतं. मायला एवढंच म्हटलं, चोळत राहा. तीही रडत रडत चोळत राहिली.

दवाखान्यात दोघांनी सुमीला उचलून आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगट धरलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मग त्या म्हणाल्या, "आहे." एवढंच. आणि दार लावून घेतलं.

सुमी वाचली. अंधार पडायच्या आधी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि मायला म्हणाल्या, "आजी, तुम्ही वाटेत पोट चोळत राहिलात म्हणून मुलगी हाती लागली. हात थांबले असते तर इथपर्यंत आली नसती." माय म्हणाली, देवीनं वाचवलं.

दुसऱ्या दिवशी जीप गॅरेजमध्ये घेतली आणि सगळं वायरिंग उकललं. ती वायर टोकापासून टोकापर्यंत बोटं फिरवून पाहिली, बॅटरी लावून तपासली. कुठेही सोललेली नाही. दिव्याच्या होल्डरला कुठेही लोखंड टेकत नाही, सगळीकडे लाकूड. स्विच चांगला. वायर परत जोडली, चावी फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू केलं, दिवा गेला. जसं व्हायला हवं तसं. गॅरेजच्या मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, तू घाबरलेला होतास, वायर नीट निघाली नसेल. वायर माझ्या हातात होती, मालक! पण वाद कुणाशी घालायचा?

माय मात्र पुढे आयुष्यभर हे सगळ्यांना सांगत राहिली. गाडीत देवी कशी पेटली, भास्करनं वायर तोडली तरी कशी पेटत राहिली. सुमी तेव्हा शेजारी बसलेली असायची आणि कधीही एक शब्द बोलायची नाही. मला वाटायचं, तिला ते दिवस आठवायला नको वाटत असतील.

माय गेली तेव्हा सुमी दिवसांसाठी येऊन राहिली होती. तिचे स्वतःचे केसही तोवर पिकले होते. एका दुपारी आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो, मायच्या गोष्टी निघाल्या होत्या, आणि मी म्हणालो, सुमे, तो दिवा बघायला मायसोबत तूच होतीस. आता मी सोडून तूच एक साक्षीदार.

सुमी ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "दादा, माय व्हती तोवर मी बोलनू नही. तिले कसाले दुखाडू? पन मी वाटभर जागीच व्हतू. डोया जड व्हतात, तोंडमातून शब्द निंघे नही, पन सगं दिखे. ती फयी मन्हा समोर व्हती. तिनावर दिवा लागेल नव्हता."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

"एकदाबी नही?"

"एकदाबी नही. कायीकुट्ट फयी. तू तिनाकडे देखे आनि वरडे."

म्हणजे मी आणि माय, दोघं घाबरून वेडे झालो होतो की काय? मायला दिवा दिसला तो मी सारखा तिकडे बघत होतो म्हणून? असेल. तसंही असेल. एक मेकॅनिक म्हणून मला ते पटायला सोपं होतं, आणि खरं सांगतो, क्षणभर बरंही वाटलं. इतकी वर्षं न सापडलेला शॉर्ट सापडला. दिवा नव्हताच!

पण सुमीचं बोलणं संपलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"दादा, मायना हात थकेत ना, तवय ती थांबी जाये. बोले नही, आवाज नही, गुपचूप थांबी जाये. माले समजे, कारन मी खाले खाले जाऊ. आनि मी बुडाले लागनू का त्याच टायमाले तू वरडे, 'माय, चोय!' हर वखत. एक वखतबी चुकना नही तू. घुंगरू वाजेत, इंजिन वाजे, तुन्ही पाठ व्हती आमनाकडे." तिनं पदरानं डोळे पुसले. "दिवा तं नव्हता. मंग तुले कसं समजे रे दादा?"

ती उत्तराची वाट बघत बसली. खरंच वाट बघत होती, इतकी वर्षं मनात ठेवलेला प्रश्न होता तो.

मंडळी, कुणाला उत्तर सुचलं तर खाली लिहा. दिवा होता म्हणा किंवा नव्हता म्हणा, माझी दोन्हीला तयारी आहे. सुमी अजून आहे, सारंगखेड्याला असते, आणि भेट झाली की निघताना एकदा तरी तेच विचारते. मला अजून तिला काही सांगता आलेलं नाही.